प्लॅटफॉर्म तिकीट काढलंय, मोबाइल हातात आहे, मग गुन्हा नेमका कोणता?

घाटकरी
रेल्वेगाड्यांचे व्हिडिओ काढून चॅनेलवर टाकायचा मला छंद आहे. त्यासाठी गेल्या रविवारी पुण्याजवळच्या एका लहान स्टेशनवर गेलो होतो. नाव घेत नाही, तिथल्या लोकांशी माझं भांडण नाही. दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट खिशात, पिवळ्या रेघेच्या बऱ्याच मागे, बाकाला टेकून उभा. जोड इंजिनांची मालगाडी येताना दिसली म्हणून मोबाइल काढला. एक वर्दीवाले आले. "शूटिंग चालत नाही. डिलीट करा." कुठला नियम म्हणून विचारलं तर म्हणाले, मास्तरांना विचारा. मास्तर म्हणाले, त्यांनाच विचारा. शेवटी क्लिप उडवली आणि घरी आलो.

व्यावसायिक शूटिंगला रेल्वेच्या जनसंपर्क कार्यालयाची परवानगी लागते, पैसे भरावे लागतात, हे मान्य. मी सिनेमा काढत नव्हतो. त्याच फलाटावर दोघीजणी रील करत होत्या, एक आजोबा नातवाचा व्हिडिओ घेत होते. त्यांना कोणी हटकलं नाही. मी कॅमेरा स्वतःकडे न धरता गाडीकडे धरला, एवढाच फरक. बंदी असेल तर तशी पाटी लावा ना. पाट्यांच्या बाबतीत पुण्याला कोणी शिकवायला नको.

कलमकसाई
पाटी नाही म्हणजे मोकळीक, असं नसतं. रेल्वे कायदा १९८९, कलम १४७ वाचा. विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरणं हा गुन्हा आहेच, पण रीतसर आत येऊन जागेचा गैरवापर केला किंवा 'बाहेर जा' म्हटल्यावर नकार दिला, तर तोही त्याच कलमात बसतो. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. तिकिटाने तुम्हाला दोन तास फलाटावर थांबता येतं. तिथे काय वाट्टेल ते करता येत नाही.

घाटकरी
मला 'बाहेर जा' कोणी म्हटलंच नाही हो! 'डिलीट करा' म्हटलं. ते १४७ मध्ये कुठे बसतं?

कलमकसाई
नाही बसत. तेवढा मुद्दा तुमचा.

खडकीचा_शेजारी
मी वर्दीवाल्याच्या बाजूने. आपल्याकडची लाइन कुठून जाते बघा: खडकी, देहूरोड, घोरपडी. एकीकडे दारूगोळा कारखाना, दुसरीकडे लष्कराचे डेपो. मालगाडीवर कधी काय लादलेलं असतं ते तुम्हाला-मला कळत नाही. रील करणाऱ्या मुलीच्या मागे गाडी धूसर दिसते. तुम्ही लोक इंजिनाचा नंबर, डब्यांची संख्या, वेळ, सगळं व्हिडिओखाली लिहून टाकता.

कलमकसाई
इथे मात्र मी पलटी मारतो. शासकीय गुपिते कायदा १९२३ नुसार रेल्वेचा एखादा भाग 'प्रतिबंधित ठिकाण' ठरायला केंद्र सरकारची अधिसूचना लागते आणि तिची प्रत तिथे इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत लावावी लागते. म्हणजे पाटीचा हट्ट अगदीच पोरकट नाही. लष्कराच्या कुंपणाकडे कॅमेरा वळवणं मात्र निराळं. तिथे वाद घालू नका.

फलाट_तीन
माझे बाबा लोको पायलट, म्हणजे इंजिनचालक होते, नुकतेच रिटायर झाले. तुमचं कायद्याचं चालू द्या, मी घरातलं सांगते. छंदाची पोरं ओळखू यायची, बाबा त्यांना हात करायचे, कधी हॉर्नही द्यायचे. पण वळणावर कोणी रुळाशेजारी वाकून मोबाइल धरलेला दिसला की त्यांच्या पोटात गोळा यायचा. वेगातली गाडी ब्रेक मारल्यावर किलोमीटरभर तरी पुढे जाते. तो माणूस हलेल की नाही, हे फक्त बघत बसायचं. आताची विजेची इंजिनं जवळ येईपर्यंत आवाजही करत नाहीत. वरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्ट, आणि पादचारी पुलावरून लोखंडी सेल्फी स्टिक खाली सोडणारे महाभाग मी स्वतः पाहिलेत. वर्दीवाल्याला तुम्ही आणि असला महाभाग एकाच माळेचे मणी दिसता. दादा, राग त्या महाभागावर काढा.

राणीचा_पासधारक
वीस वर्षं डेक्कन क्वीनने मुंबईला अप-डाउन केलं. सकाळी सव्वासातची गाडी. १ जून १९३० ला सुरू झालेली ही गाडी. २०२२ च्या जूनमध्ये तिचे जुने डबे गेले आणि एलएचबी, म्हणजे नव्या धाटणीचे डबे आले. नवे डबे चांगले आहेत, तक्रार नाही. पण जुन्या डब्यांचा घाट उतरतानाचा तो करकर आवाज आज ऐकायचा तर कोणा हौशी पोराच्या रेकॉर्डिंगमध्येच. घाटातल्या तारांत जुन्या पद्धतीची डीसी वीज होती तेव्हाच्या इंजिनांचंही तेच. परतताना कर्जतला मागून बँकर, म्हणजे घाट चढताना गाडी ढकलणारी जादा इंजिनं, लागायचे तेव्हा चहा सोडून खिडकीशी जायचो. कॅमेरा नव्हता. आता चुटपुट लागते.

फुकटचा_सल्ला
सगळं गोड आहे, पण एक विचारतो. घाटकरी, तुमच्या चॅनेलवर जाहिराती येतात का?

घाटकरी
येतात. गेल्या वर्षीच्या कमाईत एक ट्रायपॉड आला. जो मी फलाटावर नेत नाही.

फुकटचा_सल्ला
म्हणजे छंद की धंदा? 'सिनेमा काढत नाही' हे वाक्य जरा जपून वापरा.

घाटकरी
बरोबर. ते मी सोयीस्कर विसरलो होतो. जाहिराती चालू असतील तर जनसंपर्क कार्यालयाला पत्र टाकायला हवं. टाकतो. फलाट_तीन ताई, तुमच्या बाबांना नमस्कार सांगा. शिंदवणे घाटात दोन वर्षांपूर्वी मीही रुळाच्या फार जवळ गेलो होतो, तो व्हिडिओ आज काढून टाकला. उद्या सकाळी संगम पुलाच्या फुटपाथवर उभा राहणार आहे. रस्ता महापालिकेचा, समोर रेल्वेचा पूल, तिकीट नको की मास्तर नको.

कलमकसाई
तिथे ट्रॅफिकवाला हटकेल.

घाटकरी
हटकू दे. आणि हो, रविवारची ती क्लिप 'नुकतेच हटवलेले'मध्ये अजून आहे. तीस दिवस राहते, चोवीस उरलेत. मालगाडी सुंदर आलीय. परत आणायची की नाही, ते अजून ठरत नाहीये.