१९९७ची डॉन्झी २२ क्लासिक की नवी २४ फुटी बोरायडर? (लेक सेंट क्लेअर)

सेंटक्लेअरकर:
मंडळी, मुक्काम मिशिगन, बोट चालणार लेक सेंट क्लेअरवर. दोन पर्याय समोर आहेत.

एक, १९९७ची डॉन्झी २२ क्लासिक. इंजिन बोटीच्या आत, मर्क्रूझर ४५४ मॅग एमपीआय, ३८५ अश्वशक्ती, मागे ब्राव्हो वन ड्राइव्ह (इंजिनची ताकद पंख्यापर्यंत नेणारा बाहेरचा भाग), गिअर रेशो १.५०, प्रॉप (पंखा) २३ पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात हिशेबाने २३ इंच पुढे. आजवर गोड्या पाण्यातच वापरली, असं विक्रेता सांगतो.

दुसरा, नवी कोरी २४ फुटी बोरायडर, म्हणजे नाळेत (बोटीच्या पुढच्या टोकात) बसायला जागा असलेली. मागे मर्क्युरीचं ३०० अश्वशक्तीचं व्ही८ आउटबोर्ड (बोटीबाहेर मागे टांगलेलं इंजिन), रुंदी साडेआठ फूट, ट्रान्समजवळ (मागच्या उभ्या भिंतीजवळ) डेडराइज (तळाच्या व्हीचा उतार) २० अंश. किंमत जुनीच्या कितीतरी पट.

घरात चौघं, कधीमधी पाहुणे धरून आठ. प्रश्न तीन: वेग आणि लाटांवरची चाल यात खरा फरक किती? जुनीत नेमकं काय तपासायचं? आणि जुनीवरच नवं आउटबोर्ड चढवणं शहाणपणाचं आहे का?

डीपव्ही:
आधी वेगाचा हिशेब, कारण 'नवीन म्हणजे वेगवान' हा समज इथं उलटा पडतो. बोटीचा वेग अंदाजायचं क्राउचचं सूत्र घ्या: वजनाला (पौंड) अश्वशक्तीने भागा, उत्तराचं वर्गमूळ काढा आणि हलच्या (बोटीच्या सांगाड्याच्या) स्थिरांकाला त्याने भागा. या जातीच्या व्ही हलला ताशी मैलांत हिशेब करताना स्थिरांक २१०च्या आसपास धरतात.

डॉन्झी माणसं-पेट्रोलसह ४,५०० पौंड धरली तर ४,५०० भागिले ३८५ म्हणजे ११.७, वर्गमूळ ३.४२, वेग ६१ मैल. बोरायडर भरून ६,२०० धरा: भागिले ३०० म्हणजे २०.७, वर्गमूळ ४.५५, वेग ४६. पंधरा मैलांचा फरक, आणि तो वजन नि ताकदीचाच, कारण स्थिरांक दोघींना तोच लावलाय. नवी बोट रुंद, उंच, गाद्या-टॉयलेट-टॉवरने लादलेली असते. ते वजन वाहायला ३०० अश्वशक्ती पुरते, पळवायला नाही.

आता चाल. क्लासिकचा डेडराइज ट्रान्समपर्यंत २४ अंश आणि रुंदी फक्त ७ फूट. हे रे हंटच्या घराण्याचं हल. १९६० साली मायामी–नासाऊ शर्यतीत त्याच्या आराखड्यावरची 'मॉपी' खवळलेल्या समुद्रात पहिली आली आणि डीप-व्हीचं (खोल व्ही तळाचं) नाणं खणखणीत ठरलं. डॉन अ‍ॅरोनोने १९६४मध्ये डॉन्झी काढली ती त्याच वाटेवर. अरुंद, खोल हल ४० मैलांवर लाट कापत जातं, तिथं २० अंशांचं रुंद हल आपटतं.

पण सेंट क्लेअर म्हणजे समुद्र नव्हे. सरासरी खोली जेमतेम ११ फूट. वारा सुटला की आखूड, उभ्या लाटा एकामागोमाग येतात आणि तिथं ४० मैल कुणीच चालवत नाही. वेग १६-१८ मैलांवर आला की रुंद हल अजून प्लेनवर (पाण्याच्या पृष्ठावर घसरत) टिकून असतं, २४ अंशांचं मात्र नाळ वर करून खाली बसतं. ट्रिम टॅब (मागच्या तळाशी असलेल्या हलत्या पट्ट्या) खाली घेऊन थोडं सावरता येतं, पण फवारा तोंडावर येणारच. उभी असतानाही तेच: एका बाजूला दोघं गेले की डॉन्झी कलते.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नको. मर्क्युरी ३०० व्ही८ साधारण ५०६ पौंडांचं, तर ४५४ आणि ब्राव्हो मिळून हजार पौंडांच्या बरंच वर. वजन घटतं हे खरं, पण उरलेलं सगळं ट्रान्समच्या मागे लोंबतं. तोलाचा बिंदू मागे सरकतो आणि बोट पॉर्पॉइज करू लागते, म्हणजे नाळ लयीत वर-खाली आपटते. शिवाय ड्राइव्हचं भोक बुजवून ट्रान्सम नव्याने बांधावा लागतो. एवढं करून क्लासिकची क्लासिक किंमतही जाते.

ग्रीसगन:
डीपव्ही यांनी हल सांगितलं, मी आतलं सांगतो. जुन्या परफॉर्मन्स बोटीत जीव घेतो तो लाकडाचा कुजका भाग. इंजिनचा नंबर त्यानंतर. त्या काळच्या बहुतेक बोटींच्या ट्रान्सममध्ये प्लायवूड असतं आणि पाणी शिरतं ते स्क्रूच्या भोकांतून: ट्रिम टॅब, स्पीडोमीटरचा पिकअप, शिडी, ड्रेन प्लगची पितळी नळी.

प्लास्टिकच्या हातोडीने ट्रान्सम ठोकत जा. टणक आवाज चांगला, बोदा आवाज वाईट. मग ड्राइव्ह वर करून त्याच्या टोकावर भार द्या आणि ट्रान्सम प्लेट व फायबर यांच्यातली फट कुणाला तरी पाहायला लावा. फट हलली तर विषय संपला. खात्री हवी असेल तर आतून, तळाजवळ, ३ मिमीचं भोक मालकाच्या परवानगीने पाडा. भुसा फिकट-कोरडा आला तर ठीक, काळा-ओला आला तर निघा. भोक इपॉक्सीने लगेच बुजवा.

यानंतर ड्राइव्ह उतरवायचाच. 'ड्राइव्ह उतरवू देणार नाही' म्हणणाऱ्याशी पुढं बोलू नका. उतरवल्यावर अलाइनमेंटची सळई गिंबल बेअरिंगमधून (ट्रान्सममधलं, शाफ्ट पेलणारं) इंजिनच्या कपलरमध्ये (शाफ्ट इंजिनला जोडणारा दात्यांचा भाग) घाला. दोन बोटांच्या जोराने आत-बाहेर जायला हवी. सळईला ग्रीस लावून घाला आणि बाहेर काढून खुणा बघा. सगळीकडे सारख्या उमटल्या तर उत्तम. फक्त वर किंवा फक्त खाली उमटल्या तर इंजिन बसकं आहे. बसकं का? पुढचे माउंट (इंजिनचे आधार) स्ट्रिंगरवर (तळाच्या लांब तुळ्यांवर) असतात, मागचे ट्रान्सम प्लेटवर. स्ट्रिंगर कुजला की पुढचं टोक खाली जातं, शाफ्ट तिरका फिरतो आणि कपलरचे दाते खाल्ले जातात. एक दिवस इंजिन चालू, बोट जागच्या जागी.

ड्राइव्ह खाली आहेच तर बेलोजही बघा. युनिव्हर्सल जॉइंटवरच्या रबरी बेलोजच्या घड्या उघडून चिरा शोधा. ती फाटली तर आधी गिंबल बेअरिंग गंजतं, कण्हल्यासारखा आवाज येतो, आणि दुर्लक्ष केलं तर पाणी बिल्जमध्ये (बोटीच्या तळात) येऊन बोट धक्क्यालाच बसते. किती वर्षांची आहे हे बिलावरून कळत नसेल तर बदलायचीच असं धरून भाव करा. ड्राइव्हचं तेल दुधाळ असेल तर सीलमधून पाणी जातंय.

इंजिन: आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (दाब) घ्या, थ्रॉटल पूर्ण उघडं ठेवून. आकडा किती यापेक्षा फरक किती हे महत्त्वाचं. सर्वांत वरच्या नि खालच्या आकड्यात १०-१५ टक्क्यांहून जास्त नको. गोड्या पाण्यातली बोट असल्याने एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि रायझर (धूर बाहेर नेणारे भाग) खाऱ्या पाण्यापेक्षा खूप जास्त टिकतात, पण मिशिगनचं खरं दुखणं थंडी. एकदा जरी पाणी न काढता हिवाळा गेला असेल तर ब्लॉक बाहेरून फुटतो. मॅनिफोल्डच्या खाली, ब्लॉकच्या कुशीला आडवी गंजाची रेघ किंवा कुणी इपॉक्सी फासल्याच्या खुणा टॉर्च लावून शोधा. नवा रंग फक्त तिथेच दिसला तर आणखी बारकाईने बघा.

आउटबोर्डप्रेमी:
तपासणी सगळी बरोबर, पण आठ माणसं हा मुद्दा दोघांनीही गिळला. क्लासिकमध्ये चौघं आरामात, पाचवा अडचणीत. तिथंच निम्मा निकाल लागतो राव!

हिवाळ्याचाच फरक घ्या. ४५४मध्ये ब्लॉकच्या दोन्ही कुशींचे प्लग, दोन्ही मॅनिफोल्ड, पंपाचा मोठा होज, पॉवर स्टीअरिंगचा कूलर, सगळं रिकामं करायचं. प्लग काढला नि पाणी आलं नाही म्हणजे संपलं असं नव्हे. गंजाची खपली भोकात अडकते, तार घालून ढोसावं लागतं. मग गुलाबी प्रोपिलिन ग्लायकोल. आउटबोर्ड उभं ठेवलं की त्यातलं पाणी आपसूक गळून जातं. गिअरचं तेल बदला, पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर घाला, झालं.

पेट्रोल: अर्धा पौंड प्रति अश्वशक्ती प्रति तास, गॅलनला ६.१ पौंड. पूर्ण थ्रॉटलवर ३८५ला तासाला साडेएकतीस गॅलन, ३००ला साडेचोवीस. क्रूझवर फरक याहून जास्त जाणवतो, कारण नवं इंजिन कमी भारावर मिश्रण पातळ ठेवतं.

सुरक्षेचंही बघा. डॉन्झीचं इंजिन बंद खोक्यात आहे. चार मिनिटं ब्लोअर (वाफ बाहेर काढणारा पंखा) चालवल्याशिवाय चावी फिरवायची नाही. कुणी पैसे वाचवायला मोटारीचा अल्टरनेटर किंवा स्टार्टर बसवला असेल तर पेट्रोलच्या वाफेला ठिणगी मिळायची सोय झाली. त्यावर मरीन किंवा ठिणगीरोधक असल्याचा शिक्का हवा. किल स्विचची (चालक पडला तर इंजिन बंद करणारी) दोरी २६ फुटांखालच्या बोटींना १ एप्रिल २०२१पासून लावावीच लागते. जुन्या बोटीवर स्विच बसवलेला असेल तर तिलाही लागू.

बोरायडरचा एक दोष मात्र मान्य. पुढे चौघं बसलेले असताना आखूड लाटांत एकदम थ्रॉटल सोडला तर नाळ खाली जाते आणि पाणी थेट मांडीवर येतं. वारा असेल तेव्हा सगळे मागे.

सेंटक्लेअरकर:
आभार. डॉन्झी बघून आलो, विक्रेत्याने ड्राइव्ह उतरवू दिला. कॉम्प्रेशन १४० ते १५०, ट्रान्सम टणक, भुसा कोरडा, ब्लॉकवर रेघ नाही. पण सळई जोर लावल्याशिवाय जात नाही आणि खूण एकाच बाजूला. पाण्यावर ४,७०० आरपीएमला जीपीएसवर ५९ मैल, दोघंच होतो, टाकी अर्धी. विक्रेता म्हणतो, माउंटची नट फिरवली की झालं.

ग्रीसगन:
नट फिरवायच्या आधी ती कुठं उभी आहे ते बघा. पुढच्या माउंटच्या बोल्टवर वर अजून आटे शिल्लक असतील तर इंजिन उचलता येईल, सळई बोटाने गेली की विषय मिटला. नट आधीच वरच्या टोकाला पोचली असेल तर कुणीतरी वर्षानुवर्षं तेच करत आलाय. मग दोन शक्यता. रबर बसलंय, तर माउंट बदलून भागतं. डावं-उजवं रबर मोजून ताडा. नाहीतर खालचं लाकूड गेलंय. माउंटचा लॅग स्क्रू पान्याने हळूच आवळून बघा. घट्ट न होता नुसता गरागरा फिरला तर स्ट्रिंगर कुजलाय. तो बदलायला इंजिन बाहेर, फ्लोअर कापायचा. त्या कामाचं कोटेशन लेखी घ्या आणि किमतीत मिळवून मगच नव्या बोटीशी तुलना करा. आज सांगितलेल्या किमतीशी तुलना करणं म्हणजे फसगत.

कपलरच्या दात्यांवर बोट फिरवलंत का? धारदार लागले तर कपलर बदलावाच लागेल, आणि त्यालाही इंजिन काढावंच लागतं.

डीपव्ही:
तुमच्या आकड्यांतही एक खोट दिसते. ४,७०० गुणिले २३, भागिले (१.५० गुणिले १,०५६): हिशेबी वेग ६८.२ मैल (१,०५६ हा मिनिटाच्या इंचांचे ताशी मैल करणारा आकडा). मिळाले ५९, म्हणजे स्लिप (हिशेबी वेगातली तूट) साडेतेरा टक्के. दोघं माणसं आणि अर्धी टाकी असताना या हलला ८ ते १२ टक्के अपेक्षित. माझा संशय दोन गोष्टींवर. एक, प्रॉप दुरुस्त होऊन आलाय आणि पात्यांचा पिच शिक्क्याप्रमाणे राहिला नाही. तसलाच दुसरा प्रॉप मागून लावून बघा, पाच मिनिटांचं काम. दुसरं जास्त वाईट: फ्लोअरखालच्या फोमने पाणी प्यायलंय. बोट ट्रेलरसकट ट्रकच्या काट्यावर वजन करा, मग बोट पाण्यात सोडून रिकामा ट्रेलर. फरकातून पेट्रोल वजा करा, गॅलनला ६.१ पौंड. कारखान्याच्या आकड्यापेक्षा तीन-चारशे पौंड जास्त आलं तर बसकं इंजिन आणि जादा स्लिप ही एकाच दुखण्याची दोन लक्षणं.

आउटबोर्डप्रेमी:
आणि हे सगळं पार पडलं तरी विम्यासाठी सर्व्हेअर लागेल. सॅम्स किंवा नॅम्स या सर्व्हेअरांच्या संघटनांपैकी एकीचा सदस्य बघा. पॉलिसी 'अ‍ॅग्रीड व्हॅल्यू'ची (आधीच ठरवलेल्या किमतीची) घ्या, घसारा वजा करणारी नको, नाहीतर इतक्या जुन्या हलचे हातात चणे-फुटाणे येतील. हल नंबरची शेवटची चार अक्षरंही पडताळा: पहिलं अक्षर महिना (ए म्हणजे जानेवारी), मग बांधणीच्या वर्षाचा शेवटचा अंक, मग मॉडेल वर्षाचे दोन अंक. शेवटी ९७ नसेल तर टायटल (मालकीचा कागद) बघितल्याशिवाय इसार देऊ नका.