ड्रेसाजचा घोडा: बावीस तास कोंडून ठेवायचा का?

माळरान (धागाकर्ती):
तळेगावच्या बाजूला एका खाजगी पागेत माझी घोडी बोर्डिंगला, म्हणजे महिन्याचे पैसे भरून ठेवलेली आहे. रेसमधून निवृत्त झालेली थरोब्रेड, आपल्याकडच्या बहुतेक हौशी स्वारांच्या वाट्याला येते तशीच. तिच्यावर ड्रेसाज शिकतेय. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: उड्या नाहीत, शर्यत नाही. 20 बाय 60 मीटरच्या रिंगणात ठरलेल्या आकृत्या घोड्याकडून किती सहज आणि नेमक्या करून घेता, यावर प्रत्येक हालचालीला 0 ते 10 गुण मिळतात.

आता मुद्दा. पॅडॉकमध्ये, म्हणजे कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत, दोन घोड्यांची लाथाळी झाली, एकाच्या मांडीला टाके पडले. त्यानंतर फतवा निघाला: ड्रेसाजच्या घोड्यांना एकत्र मोकळं सोडणं बंद.

म्हणजे घोडीचा दिवस आता असा. पहाटे पाचला चंदी: ओट, भिजवलेले हरभरे, गव्हाचा कोंडा. साडेसहाला सईस खरारा करतो, खुरांतली घाण उकरतो, खोगीर चढवतो. पाऊण तास काम. मग अंगावर पाणी, थोडं हातात धरून चालवणं, आणि दाराला साखळी. दुपारी वैरण, संध्याकाळी पुन्हा चंदी, रात्री मूठभर वैरण, दिवे बंद. 24 तासांतले जवळजवळ 22 तास चार भिंती.

शेजारच्या खोलीतला गेल्डिंग (खच्ची केलेला घोडा) दिवसभर दाराच्या फळीत दात रोवून हवा गिळत असतो. फळीला अर्धचंद्रासारखी खाच पडली होती, तर तिथे पत्रा ठोकला. आता तो पत्रा चावतो, आणि पत्र्याला कडू मलम फासलंय. एवढा खटाटोप खाच पडू नये म्हणून! खाच का पडते, हे कोणी विचारत नाही.

आम्ही सगळे बोलतो त्या पाऊण तासाबद्दल. बैठक कशी, लगाम किती हलका, कुठली खोगीर कंपनी बरी. उरलेल्या वेळाबद्दल अवाक्षर नाही. माझं म्हणणं सरळ आहे: सोबत, वैरण आणि मोकळीक देता येत नसेल तर ड्रेसाज शिकवायचा हक्कच नाही. बोला.

रिकीबकर:
ताई, मी शिकवण्याच्या धंद्यात आहे, त्यामुळे शिव्या मलाच आहेत असं धरून लिहितो.

घोड्याने घोड्याला लाथ मारली आणि नळीचं हाड गेलं, तर काय होतं हे तुम्ही पाहिलंय का? माणसासारखं प्लास्टर घालून दीड महिना झोपवता येत नाही त्याला. पाचशे किलोचं जनावर तीन पायांवर उभं राहिलं की चांगल्या पायाचाही खूर आतून सुटायला लागतो. शेवट बहुतेकदा इंजेक्शननेच होतो. त्या दिवशी मालक रडतात, आणि दुसऱ्या दिवशी विचारतात, 'सोडलं कोणी होतं?' पागेत नोकरी करणाऱ्याला हा प्रश्न झोपू देत नाही.

शिवाय रेसचा घोडा दीड-दोन वर्षांचा असल्यापासून एकेकटा खोलीत वाढलेला असतो. त्याला चार अनोळखी घोड्यांत सोडणं म्हणजे मोकळीक नव्हे, दंगल.

आणि जागा? तळेगावात जमिनीचा भाव काय चाललाय? तुम्ही देता त्या बोर्डिंगमध्ये सईस, वैरण, नालबंद, भुसा एवढं भागतं. एकरभर कुरण त्यात बसत नाही. जून ते सप्टेंबर तर तिथे कुरण नसतंच, गुडघाभर चिखल असतो.

हॅनोव्हरकर:
इथे जर्मनीत मी एका घोड्यात अर्धा वाटा घेऊन आठवड्यातून तीनदा स्वारी करते. हा वाद इथेही पेटलेला आहे, त्यामुळे 'तिकडे सगळं छान' असं कोणी समजू नये. दिवसातले बहुतेक तास खोलीत काढणारे महागडे ड्रेसाज घोडे इथेही आहेत. मालकांची कारणंही हीच: लाथा, जखमा, किंमत.

पण किमान रेषा तरी आखलेली आहे. खोलीच्या आकाराचं मार्गदर्शक सूत्र असं: घोड्याची खांद्यापाशी उंची घ्या, दुप्पट करा, तिचा वर्ग करा. 1.65 मीटरच्या घोड्याला जेमतेम 11 चौरस मीटर. स्वित्झर्लंड आणखी पुढे गेलं. तिथे 2008 च्या प्राणिसंरक्षण अध्यादेशानुसार घोड्याला दुसरा घोडा दिसला, ऐकू आला आणि त्याचा वास आला पाहिजे. एकटा घोडा ठेवायचाच नाही.

रिकीबकर, तुम्हाला धंद्याच्या भाषेत सांगते. ड्रेसाजच्या जर्मन प्रशिक्षणक्रमाच्या सहा पायऱ्या. पहिली ताल, दुसरी शरीर-मनाचा सैलपणा. संपर्क, जोम, सरळपणा, एकवटणं हे सगळं त्यानंतर. बावीस तास आखडून उभ्या असलेल्या घोड्याला रोज सकाळी सैल करण्यातच तुमचा अर्धा तास जातो. तुम्ही तिसरी पायरी शिकवताय, तुमची पागा दुसरी रोज उखडतेय.

रिकीबकर:
तिकडे गवत फुकट उगवतं हो. इथे पेंढी विकत आणावी लागते.

बरं, निकालाचं बोलू. 2023 मध्ये हांगझोच्या एशियाडमध्ये सुदीप्ती हाजेला, दिव्यकृती सिंग, आपल्या मुंबईचा हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण आणलं. घोडेस्वारीत भारताला 1982 नंतर, म्हणजे 41 वर्षांनी मिळालेलं सुवर्ण. तिथले घोडे काय माळावर हुंदडून आले होते?

हॅनोव्हरकर:
ते घोडे युरोपातले आणि स्वारही वर्षानुवर्षं युरोपातच सराव करणारे. तुमचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे, धन्यवाद. :)

आणि हुंदडण्याचंच म्हणाल तर लंडन 2012 आणि रिओ 2016 असं दोनदा वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेला वॅलेग्रो हा घोडा घ्या. तो ब्रिटिश ड्रेसाज स्वार कार्ल हेस्टरच्या पागेतला. घोड्यांना रोज कुरणात सोडायचं आणि रिंगणाबाहेर फिरवून आणायचं, ही त्या पागेची जाहीर पद्धत.

रोखठोक:
वॅलेग्रोवर बसत कोण होतं तेही सांगा की. शार्लट डुजार्डिन. विद्यार्थिनीला शिकवताना घोड्याच्या पायांवर पुन्हा पुन्हा लांब चाबूक मारल्याचा व्हिडिओ बाहेर आला, 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकच्या तोंडावर माघार घ्यावी लागली आणि पुढे वर्षभराची बंदी. कुरणात सोडलं म्हणजे रिंगणात प्रेमाने वागवतात, हे गणित कुठल्या शाळेतलं?

मला तर हा अख्खा धागाच चोचल्यांचा वाटतो. पोटाला मिळतंय, डॉक्टर येतो, अंगावर रात्री झूल असते. माथेरानच्या घोड्यांना विचारा सुख म्हणजे काय.

गोचीडवैद्य:
पशुवैद्य आहे, पागांमध्येच फिरतो. दोन्हीकडच्यांना थोडं थोडं.

घोड्याचं जठर शरीराच्या मानाने लहान. त्यात आम्ल सतत पाझरतं, समोर खाणं असो वा नसो. लाळ मात्र चावतानाच सुटते आणि तीच आम्लावरचा उतारा. मोकळा घोडा दिवसातले पंधरा-सोळा तास चरतो तो हावरट म्हणून नव्हे. रात्री आठला मूठभर वैरण आणि पहाटे पाचला थेट चंदी, म्हणजे नऊ तासांतले बरेचसे रिकाम्या पोटी, वर पिष्टमय दाण्याचा मारा. जठरात व्रण होणारच. हवा गिळणाऱ्या घोड्याच्या फळीला पत्रा ठोकू नका, आधी त्याच्या पोटात काय चाललंय ते बघा. घोड्याला उलटीही करता येत नाही. जे काही बिघडतं ते पोटशुळावर जातं, आणि मग रात्री दोनला फोन मला येतो.

आता माळरानताईंना. पावसाळ्यात ओल्या पॅडॉकवर सोडलेल्या घोड्यांचे खूर तळाकडून सडतात, टाचेजवळची कातडी चिरते. गोचिडांतून बाबेशिया येतो, चावऱ्या गोमाशांतून सर्रा; दोन्ही रक्तातल्या परजीवींचे आजार. सर्रा झालेला घोडा मी पाहतो तेव्हा तो ताप येऊन-जाऊन पार खंगलेला असतो. 'निसर्गात मोकळा' हे चित्र आपल्या हवामानात चार महिने खरं नाही.

माझं मत: आधी वैरण. पाचशे किलोच्या घोड्याला दिवसाला आठ ते दहा किलो सुकी वैरण हवी, आणि ती बारीक जाळीत अडकवून रात्रभर पुरेल अशी. याला एकरही लागत नाही आणि चिखलही आड येत नाही. लागतात ते पैसे. मोकळीक नंतर.

बारगीर:
मी स्वतःचा घोडा नसलेला, तासाचे पैसे भरून शिकणारा. जुन्या भाषेत शिलेदाराचं घोडं स्वतःचं, बारगिराचं सरकारी. आम्ही बारगीर मंडळी पागेच्याच घोड्यांवर बसतो आणि त्यांचे हाल इथे कोणाच्याच यादीत नाहीत. तुमच्या घोडीवर एक माणूस बसतो. शाळेच्या घोड्यावर सकाळपासून तिसरा नवशिका लगामाला लोंबकळतो.

वैरणीवरून आठवलं. चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, म्हणून आपण ते भाषणात वापरतो. पण पत्राचा मोठा भाग आहे दाणा-वैरणीच्या हिशोबाचा: आत्ताच उधळलीत तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल. डॉक्टर म्हणतात तेच, फक्त साडेतीनशे वर्षं आधी.

नेरळ-माथेरान:
रोखठोक साहेब, माथेरानच्या घोड्यांना विचारायचंच असेल तर इकडे विचारा, आमच्या घरात तीन पिढ्या घोडी आहेत.

आमचा घोडा दिवसभर बाहेर असतो, दुसऱ्या घोड्यांच्या संगतीत असतो, चालतो भरपूर. माळरानताईंच्या मोजपट्टीवर तो पहिला येईल. पण पाठीवर गिऱ्हाईक, पायाखाली दगड, आणि हंगाम संपला की त्याच्या वैरणीचे पैसे आम्ही उसने आणतो. गर्दीच्या दिवसांत त्याला कधी उतरवायचं हे आम्ही नाही, पोटाची खळगी ठरवते. तेव्हा आमचं नाव घेऊन तुमच्या खोल्यांचं समर्थन करू नका आणि मोकळ्या हवेचे गोडवेही गाऊ नका. घोड्याला विश्रांती कोण देऊ शकतं? ज्याचं पोट त्याच्यावर नाही तो. तुमच्यातले बहुतेक तसे आहेत. मग देत का नाही?

रोखठोक:
हे पटलं. माथेरानचा मुद्दा मागे घेतो, चोचल्यांचा नाही.

कात्रज_बायपास:
एक प्रश्न विचारू का? रात्रभराची वैरण जाळीत भरणार कोण? पॅडॉकमध्ये सोडणार, भांडणं सोडवणार, परत धरून आणणार, चिखलाचे पाय धुणार कोण? सईस. एकेकाकडे तीन-तीन घोडे. बहुतेक राजस्थान, यूपीकडची पोरं, पहाटे चारला उठणारी. आमच्याकडच्या पागेत तर त्यांची खोली घोड्याच्या खोलीपेक्षा लहान आहे आणि तिघांत एक आहे. त्या खोलीच्या लांबी-रुंदीचं सूत्र कुठल्या देशाने काढलंय?

माळरान:
कात्रज, प्रश्न रास्त आहे आणि टोला मला लागतो, कारण बोर्डिंग वाढवायला मीही नाक मुरडलं असतं. वैरणीचे आणि एका जादा सईसाचे पैसे वाढवा, हे मी स्वतःहून पागेला लिहून देते. पगार मात्र त्या पोराच्या हातात किती पडतो, ते दाखवायचं.

डॉक्टर, वैरण आधी हे मान्य. 'मोकळीक नंतर' हे मान्य नाही. आपल्याकडे नंतर म्हणजे कधीच नाही. चिखल चार महिने असतो. ऑक्टोबर ते मे माती दगडासारखी कोरडी असते, तेव्हा कोणती गोमाशी आड येते? चार अनोळखी घोड्यांची दंगल मलाही नको. दोनच घोडे, शेजारच्या खोल्यांतले, आधी आठवडाभर मध्ये कुंपण ठेवून, मग एकत्र तासभर. तो हवा गिळणारा गेल्डिंग आणि माझी घोडी खिडकीच्या गजांतून एकमेकांची मान खाजवतात, रोज. त्यांच्यापासून सुरुवात करू. रिकीबकर, यात 'सोडलं कोणी?' असं विचारायची वेळ आली तर उत्तर लेखी देते: मी.

रिकीबकर:
लेखी दिलंत तरी पाय मोडलेला घोडा माझ्याच डोळ्यांसमोर पडणार, ताई. मी अजूनही विरोधातच आहे, आणि स्पर्धा तोंडावर असलेला घोडा मी तरी सोडणार नाही.

पण गेल्डिंगच्या मालकाचाही होकार आणा. दोघांच्या मागच्या पायांचे नाल काढून घ्या, लोखंडाची लाथ आणि नुसत्या खुराची लाथ यात फार फरक असतो. पॅडॉकचा कोपरा काटकोनात आहे, तिथे बांबू आडवा बांधून तो गोल करा, म्हणजे कमजोर घोडा कोंडीत सापडत नाही. दोन ढीग नाही, वैरणीचे तीन ढीग टाका, लांब लांब. नालबंद शनिवारी येतोय, सहाच्या आत या.

रोखठोक:
विरोधात आहेत म्हणे!