मदत हवी आहे: रूमचं भाडं मर्यादेपेक्षा जास्त, म्हणून सगळ्या बिलातून ३७.५ टक्के कापले. बरोबर आहे का?

तिकीटघर:

नमस्कार मंडळी. आरोग्य विम्याच्या क्लेमबद्दल सल्ला हवा आहे. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात बाबांच्या (वय ६८) उजव्या गुडघ्याचं सांधेरोपण पुण्यात झालं. हॉस्पिटलचं आणि विमा कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पॉलिसी २०१६ पासून न चुकता चालू आहे, विमा रक्कम ५ लाख. रूमच्या भाड्याला विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपयांची मर्यादा. हे पॉलिसीत लिहिलेलं होतं, मला माहीतही होतं. पण भरतीच्या दिवशी ट्विन शेअरिंग रिकामी नव्हती. शिवाय बाबा घोरतात, त्यांना शेजारच्या पेशंटची झोपमोड नको होती. म्हणून ८,००० ची सिंगल घेतली. मनात हिशोब साधा होता: वरचे ३,००० आपले, ४ दिवसांचे १२,००० जातील.

घरी जायची परवानगी डॉक्टरांनी सकाळी ९ ला दिली. आम्ही बाहेर पडलो संध्याकाळी ७ ला, तेही १,२६,२५० रुपये भरून.

बिल असं:
रूम आणि नर्सिंग, ४ दिवस: ३२,०००
सर्जन, असिस्टंट, भूलतज्ज्ञ: ९५,०००
ओटी (ऑपरेशन थिएटर) चार्जेस: ४०,०००
इम्प्लांट (कृत्रिम सांधा): ७८,०००
औषधं आणि कन्झ्युमेबल्स (वापरून संपणाऱ्या वस्तू): ४६,०००
रक्त तपासण्या, एक्सरे, इको: १४,०००
फिजिओथेरपी: ५,०००
रूमवरचा जीएसटी: १,६००
वॉकर, नी-ब्रेस, ग्लोव्हज, मास्क वगैरे: ८,४००
एकूण ३,२०,०००.

शेवटच्या दोन ओळींचे १०,००० कंपनीने आधीच बाजूला काढले. उरलेल्या ३,१०,००० मधून ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’ (प्रमाणशीर कपात) या एका ओळीत १,१६,२५० कापले. मंजूर १,९३,७५०.

बाबा ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होते. पलंगावर पडल्या पडल्या त्यांनी लिफाफ्याच्या पाठीवर आकडेमोड केली आणि म्हणाले, “अरे, रुपयातले दहा आणे दिलेत, सहा आणे ठेवून घेतलेत. सरसकट.” आता दिवसभर एकच पालुपद, माझ्या घोरण्यापायी लाख रुपये गेले.

रूम महाग घेतली तर रूमचे पैसे कापा, समजू शकतो. पण धातूच्या सांध्याची किंमत रूमनुसार बदलते का? टीपीएच्या (विमा कंपनीतर्फे क्लेमचं काम बघणाऱ्या मधल्या संस्थेच्या) हेल्पलाइनला तीनदा फोन केला, ‘ॲज पर पॉलिसी टर्म्स’ एवढंच उत्तर. काही करता येईल का, की सोडून द्यावं?

घाटमाथा:

वाईट वाटलं वाचून, पण हा नियमच आहे हो. माझ्या सासूबाईंच्या वेळी असंच कापलं होतं. पॉलिसीवर आपली सही असते. भांडून बीपी वाढेल, बाकी काही नाही. पुढच्या वर्षी रूमची मर्यादा नसलेली पॉलिसी घ्या.

जुनी_फाईल:

घाटमाथा, अर्धं बरोबर आहे तुमचं. पण उरलेल्या अर्ध्यात पन्नास हजारांवर रक्कम आहे.

मी ११ वर्षं एका हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये होतो, त्यातली शेवटची काही टीपीए डेस्कवर. तेव्हा आधी आतली गोष्ट सांगतो. बहुतेक मोठ्या हॉस्पिटलांत रेटकार्डाला चार-पाच रकाने असतात: जनरल, ट्विन, सिंगल, डिलक्स. तुम्ही रूम निवडली की अख्खं बिल त्या रकान्यात सरकतं. तोच सर्जन, तेच टेबल, तीच भूल, पण सिंगलवाल्याला दर वेगळा. रूमवरचा फरक भरून आपण सुटलो असं पेशंटला वाटतं आणि तिथेच फसगत होते. विमा कंपनी म्हणते, तुम्ही ५,००० च्या रकान्यात बसला असता तर सर्जनची फीसुद्धा कमी लागली असती, म्हणून तीही त्याच प्रमाणात धरणार. ५ भागिले ८, म्हणजे बाबांचे दहा आणे. इथपर्यंत कंपनी चूक नाही.

पण ही कात्री कशाला लावायची यावर बंधन आहे. आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, २०२० साली मार्गदर्शक सूचना काढून ‘असोसिएट मेडिकल एक्स्पेन्सेस’ची, म्हणजे रूमच्या प्रमाणात कापता येणाऱ्या खर्चांची, व्याख्या पक्की करायला लावली. औषधं आणि कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट आणि वैद्यकीय उपकरणं, तपासण्या: या तीन गोष्टी त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून त्यांना प्रमाणशीर कपात नाही. आयसीयूच्या चार्जेसनाही नाही. जुन्या पॉलिसींना हे १ एप्रिल २०२१ पासून, ज्याचं नूतनीकरण येईल तसं लागू झालं. तुमची २०१६ ची असली तरी त्यानंतर नूतनीकरण झालंय ना? मग पॉलिसीच्या पुस्तिकेत व्याख्यांच्या पानावर हा शब्द शोधा. मास्टर सर्क्युलरं येतात-जातात, तुमच्या हातातलं खरं हत्यार म्हणजे ते पान.

आता हिशोब:
रूम: ५,००० × ४ = २०,०००
सर्जन टीम, ओटी, फिजिओ मिळून १,४०,००० चे ६२.५ टक्के = ८७,५००
इम्प्लांट, औषधं, तपासण्या पूर्ण = १,३८,०००
एकूण २,४५,५००. मिळाले १,९३,७५०. म्हणजे ५१,७५० कमी दिलेत.

आणखी एक. हॉस्पिटलचं बिलिंग रूमनुसार बदलतच नसेल, सगळ्यांना एकच दर असेल, तर सर्जन आणि ओटीलाही कात्री लावता येत नाही. मग कपात फक्त रूमच्या १२,००० ची. म्हणून हॉस्पिटलकडे रेटकार्डाची प्रत मागा, लेखी. ते कुरकुर करतील.

ही चूक होते कशी तेही सांगतो, राग थोडा उतरेल. पुष्कळदा हॉस्पिटल ‘सर्जरी पॅकेज’ अशी एकच ओळ पाठवतं आणि इम्प्लांट त्यातच दडलेलं असतं. पलीकडे क्लेम तपासणारा मुलगा दिवसाला ढीगभर फायली उपसत असतो, तो पूर्ण आकड्याला गुणून मोकळा होतो. तेव्हा ब्रेकअप बिल, इम्प्लांटचा स्टिकर आणि त्याचं इनव्हॉइस जोडूनच पत्र पाठवा.

वॉकर, ब्रेस, ग्लोव्हज, मास्क मात्र विसरा. ते न देण्याच्या यादीत आहेत.

मोगरा_२२:

@तिकीटघर, बाबांना सांगा घोरणं निर्दोष आहे 🙂

एक शंका. तुमची कंपनी चार सरकारी कंपन्यांपैकी आहे का? त्यांचं पीपीएन असतं, म्हणजे ठरलेल्या ऑपरेशनला हॉस्पिटलशी आधीच ठरवलेला पॅकेज दर. तसं असेल तर हॉस्पिटलने पॅकेजच्या वर पेशंटकडून काय घेतलं हाही प्रश्न येतो. माझ्या काकांकडून भरतीच्या वेळी गठ्ठ्यातल्या एका कागदावर सही घेतली होती, ‘वरचा फरक मी स्वखुशीने भरेन’. रात्री ११ ला कोण वाचतं! तुमच्याही फाईलमध्ये तो कागद आहे का बघा.

आणि इम्प्लांटच्या स्टिकरवरची एमआरपी बिलाशी ताडून पाहा. गुडघ्याच्या सांध्यांवर ऑगस्ट २०१७ पासून सरकारने कमाल किंमत बांधलेली आहे.

तिकीटघर:

जुनी_फाईल, तुमचे उपकार कसे फेडू! पान सापडलं. व्याख्या क्रमांक ६, अगदी बारीक टाइपात, पण तुम्ही लिहिलंत तसंच. तिन्ही गोष्टी वगळलेल्या. बाबांनी भिंग लावून स्वतः वाचलं आणि त्याखाली लाल पेनने रेघ ओढली.

मोगरा, कंपनी खासगी आहे, पॅकेज नव्हतं. स्टिकर डिस्चार्जच्या फाईलला चिकटवलेला आहे, एमआरपी आणि बिल जुळतंय.

आता पत्र कोणाला लिहू? टीपीएला की कंपनीला? आणि १० तास बसवून ठेवलं त्याचं काय?

जुनी_फाईल:

कंपनीला. टीपीए हा मधला माणूस, क्लेमचा निर्णय कंपनीचा असतो. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा, त्याचा पत्ता पॉलिसीच्या शेवटच्या पानांत असतो. ‘अन्याय झाला’ वगैरे लिहू नका. क्लेम नंबर, व्याख्येचं पान, वरचा हिशोब, आणि ५१,७५० ही नेमकी मागणी, एवढंच. कपातीचा ओळवार तपशीलही मागा. त्यांना १४ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. सोबत आयआरडीएआयच्या बीमा भरोसा या तक्रार पोर्टलवर नोंद करून ठेवा.

नकार आला किंवा महिना उलटूनही उत्तर नाही, तर विमा लोकपाल. पुण्यात कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही, खरं तर चालतच नाही. ५० लाखांपर्यंतचे दावे घेतात. कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायचं.

१० तासांचं: २०२४ च्या सर्क्युलरप्रमाणे डिस्चार्जची अंतिम मंजुरी ३ तासांत द्यायची, उशिरामुळे हॉस्पिटलने जादा आकारलं तर ते कंपनीने सोसायचं. पण घड्याळ सुरू होतं हॉस्पिटलकडून मागणी पोचल्यावर, डॉक्टर ‘जा’ म्हणाले तेव्हा नाही. औषधांचा परतावा, समरी टाइप होणं, सह्या, यात आमच्याकडेच दुपारचे २ वाजायचे. दोष आमचा, शिव्या टीपीएला. तुमच्याकडून त्या दिवसाचं जादा भाडं घेतलं नसेल तर तो विषय सोडा, मुख्य मुद्दा पातळ होतो.

घाटमाथा:

मी माझे शब्द मागे घेतो. सासूबाईंची फाईल माळ्यावरून काढली. त्यांना स्टेंट घातला होता, आणि तोही कापलाय! पण ते २०१९ चं आहे.

जुनी_फाईल:

२०१९ चं अवघड आहे. ठेवा परत माळ्यावर.

तिकीटघर:

तीन आठवड्यांनी अपडेट देतोय.

ईमेलला १२ व्या दिवशी उत्तर आलं. ‘फेरतपासणीअंती’ ४६,५०० मंजूर, काल खात्यात जमा झाले. म्हणजे इम्प्लांट आणि औषधांचे सहा आणे परत आले. तपासण्यांचे ५,२५० मात्र दिलेले नाहीत आणि का नाहीत याबद्दल पत्रात अक्षर नाही. रेटकार्ड अजून मिळालेलं नाही. दोनदा जाऊन आलो, काउंटरवरची मुलगी म्हणते ईमेल करा, ईमेलला उत्तर नाही.

खरं सांगायचं तर मी थांबणार होतो. ५,२५० साठी कुठे लोकपाल गाठायचा? पण बाबा वॉकर टेकत स्वयंपाकघरापर्यंत आले आणि म्हणाले, “डेपोत कॅश भरताना दहा रुपये कमी निघाले तरी आमच्या खिशातून घ्यायचे. ह्यांना का सोडायचं?” आता दुसऱ्या पत्राचा मसुदा त्यांनीच लिहिलाय, फुलस्केपवर, समास सोडून. फोटो इथे टाकला तर कोणी नजर घालेल का?

जुनी_फाईल:

टाका. पॉलिसी नंबर आणि बाबांची सही तेवढी झाका.