नव्या गाण्यांची पारख: आवाजाची पातळी कशी जुळवावी?

प्रश्न: नवा मेटल, हिपहॉप आणि खयाल एकाच प्लेलिस्टमध्ये ऐकतो. खयालात तानपुरा ऐकूच येत नाही, पुढचं गाणं एकदम अंगावर येतं. मग मोठ्या आवाजाचंच भारी वाटतं. काय करावं?

उत्तर १: स्पॉटिफायमध्ये व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन (सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीला आणणारी सोय) चालू करून पातळी ‘नॉर्मल’ ठेवा, म्हणजे -14 एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका आवाज मोठा). ‘लाउड’ अजिबात नको. तिथे -11 गाठायला लिमिटर (आवाजाची उंच टोकं दाबणारी यंत्रणा) बसतो आणि तबल्याची थाप बोथट होते. ‘नॉर्मल’वर लिमिटर नसतो. गाण्यातलं सर्वात उंच टोक -1 डीबीला (डेसिबल) टेकलं की आवाज उचलणं थांबतं, म्हणून खयाल थोडा हळू राहीलच. तेवढा हाताने वाढवा. इक्वलायझरही बंद करा.

उत्तर २: अख्ख्या अल्बमबद्दल मत द्यायचं तर तो सलगच लावा. शफलवर प्रत्येक गाणं वेगळं मोजलं जातं, त्यामुळे मुद्दाम हळू ठेवलेलं गाणंही बाकीच्यांच्या पातळीला येतं.

उत्तर ३: पातळी जुळल्यावर मेटलमध्ये स्नेअर (ड्रम्समधला कडक वाजणारा ड्रम) ऐका. गिटारमागे दबला असेल तर बहुधा मास्टरिंगमध्ये (गाणं बाहेर पडण्याआधी आवाजावर फिरवलेल्या शेवटच्या हातात) आवाज अति दाबलाय. हिपहॉप मात्र फोनच्या स्पीकरवर पारखू नका, 50 हर्ट्झचा बास तिथे पोचतच नाही.