गावांवरून पडलेली इंग्रजी आडनावे: मूळ गाव खात्रीने सांगता येते का?

जिज्ञासू: वॉशिंग्टन, ब्रॅडफर्ड, स्टॅन्ली ही आडनावे मुळात इंग्लंडमधील गावांची नावे आहेत, असे वाचनात आले. परंतु गावातील सर्वांनाच गावाचे नाव लावले, तर त्यावरून माणूस ओळखायचा कसा? आणि अशा आडनावावरून घराण्याचे मूळ गाव खात्रीने सांगता येते का?

दफ्तरदार: शंका रास्त आहे. सर्वसामान्यांच्या बाबतीत हे आडनाव बहुधा गाव सोडून गेलेल्याला मिळे, आणि ते देत असत नव्या ठिकाणचे शेजारी. म्हणजे ते माणूस कोठे राहतो हे नव्हे, तर कोठून आला हे सांगते. जमीनदारांचे मात्र उलट होते. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर त्यांच्यात आपल्या जहागिरीच्या गावाचे नाव ‘द’ (फ्रेंच de, म्हणजे ‘चा’) जोडून लावण्याची पद्धत रुळली, आणि जहागीर बदलली की नावही बदलत असे. बाराव्या शतकात विल्यम द हर्टबर्न याने डरहॅम परगण्यातील वॉशिंग्टनची जहागीर घेतली आणि तो त्या गावाच्या नावाने ओळखला जाऊ लागला. जॉर्ज वॉशिंग्टन हे त्याच घराण्यातले.

पानाड्या: नावाचा शेवट पाहावा. ‘टन’ म्हणजे कुंपणाची वस्ती, ‘ली’ म्हणजे जंगलातील मोकळी जागा. त्यामुळे स्टॅन्ली ही खडकाळ मोकळी जागा ठरते. किर्बी, सेल्बी यांतील ‘बी’ (म्हणजे गाव) स्कँडिनेव्हियन वसाहतवाल्यांचा, म्हणून अशी गावे प्रामुख्याने उत्तर व पूर्व इंग्लंडमध्ये आढळतात. रॅम्सबॉटम या आडनावाला इंग्रजही हसतात, पण त्यातील ‘बॉटम’ म्हणजे दरीचा तळ, आणि त्या नावाचे गाव आजही आहे; पूर्वी ते लँकशर परगण्यात होते, १९७४ पासून ग्रेटर मँचेस्टरमध्ये मोडते. नॅश हे तर बहुधा गावाचेही नाही: ‘ॲटन ॲश’, म्हणजे ॲश वृक्षापाशी राहणारा, यातील ‘न’ पुढच्या शब्दाला चिकटून ते तयार झाले.

दफ्तरदार: दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर राहिले. न्यूटन म्हणजे नवी वस्ती आणि सटन म्हणजे दक्षिणेकडील वस्ती. या नावांची गावे इंग्लंडभर विखुरलेली असल्याने केवळ आडनावावरून त्यांतील एकावर बोट ठेवणे धाडसाचे ठरेल. रॅम्सबॉटमसारख्या दुर्मीळ नावाबाबत तर्क बराच भक्कम असतो, तरीही १३७९ च्या डोईपट्टीच्या याद्यांसारख्या जुन्या नोंदींत ते आडनाव कोणत्या भागात दिसते, हे ताडून पाहावेच लागते.