मदत हवी आहे: किडनी ट्रान्सप्लांटनंतर आतड्याचं इन्फेक्शन उलटलंय

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावाचं किडनी ट्रान्सप्लांट झालंय, टॅक्रोलिमस (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणूनचं औषध) चालू आहे. अँटिबायोटिक्सनंतर त्याला क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल (जुलाब करणारा आतड्यातला जंतू) झालं. १० दिवस व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक तोंडाने दिलं (शिरेतून दिलेलं आतड्यात पुरेसं पोचत नाही), जुलाब थांबले, आणि ३ आठवड्यांत परत सुरू. काल ११ वेळा. भिंतीला धरून बाहेर येतो, बघवत नाही. जुलाबात टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढू शकते, म्हणून तीही तपासतोय.

या जंतूचे बीजाणू सॅनिटायझरने मरत नाहीत, हात साबण-पाण्यानेच धुवायचे, हे फार उशिरा कळलं. घरात संडास एकच, आई सत्तरीची.

ट्रान्सप्लांटवाल्या कुणाला हे परत झालंय का? दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी काय दिलं? संडास ब्लीचने किती वेळा धुवत होतात?