मदत हवी आहे: 'शेड' या एका शब्दाला मराठीत किती शब्द लागतील?

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यासाठी इंग्रजी माहितीपुस्तिकेचं मराठी करतेय. वाचणारी मुलं मागावर पहिल्यांदाच उभी राहणार आहेत, त्यामुळे भाषा सोपी हवी.

अडलंय 'शेड'पाशी. पत्र्याची शेड सगळ्यांना माहीत आहे. पण 'शेड साफ नसेल तर धोटा अडकतो' हे काही झाडू मारण्याबद्दलचं वाक्य नाही. पुढे 'टॉवेलचं शेडिंग कमी हवं', मग लोडशेडिंगनंतर माग सुरू करताना घ्यायची काळजी, आणि शेवटी रंगाचं शेडकार्ड. या शेवटच्याचं स्पेलिंग वेगळं आहे, पण देवनागरीत तेही शेडच! सगळीकडे चालेल असा एक मराठी शब्द आहे का?

जुना_मागवाला: ताई, एक शब्द शोधूच नका. मागावरची शेड म्हणजे ताण्यातली, म्हणजे उभ्या धाग्यांमधली फट. ताण्याचे काही धागे वर उचलले जातात, काही खाली राहतात आणि मधे जी वाट होते तिच्यातून धोटा बाणा, म्हणजे आडवा धागा, घेऊन पलीकडे जातो. मग फणी तो धागा ठोकून बसवते. शेडिंग, पिकिंग, बीटिंग, विणकामाच्या याच तीन मुख्य हालचाली. डॉबी आणि जॅकार्ड ही दोन्ही शेडिंगचीच यंत्रणा, कुठला धागा कधी उचलायचा ते ती ठरवते. आपल्या चादरीवरची नक्षी जॅकार्डचीच. 'शेड साफ' म्हणजे त्या वाटेत एकही ढिला धागा लोंबकळत नाही. लोंबकळला तर धोटा मधेच अडकतो आणि ताण्याचे धागे एकगठ्ठा तुटतात. ते परत जोडत बसणं काय असतं, ते या पोरांना लवकरच कळेल! तुम्ही पहिल्यांदा 'ताण्याची फट (शेड)' असं लिहा, पुढे नुसतं शेड. खात्यात तोच शब्द कानावर पडणार आहे.

शब्दवेडा: यात गंमत अशी की पत्र्याची शेड आणि मागाची शेड यांचं एकमेकींशी नातं नाही. छप्पराची शेड ही बहुधा सावलीवाल्या 'शेड'चंच दुसरं रूप, इंग्रजीत 15व्या शतकाच्या अखेरीस दिसते. म्हणजे तुमच्या शेडकार्डाची ती बहीण! मागावरची मात्र जुन्या इंग्रजीतल्या 'वेगळं करणे' या क्रियापदातून आली. टॉवेलचं शेडिंग आणि लोडशेडिंगही त्याच घरातले. झाडाची पानं गळतात, साप कात टाकतो, माणूस अश्रू ढाळतो. इंग्रजीला या सगळ्याला एकच क्रियापद पुरतं, आणि तेही तिन्ही काळांत न बदलता. आपल्याकडे प्रत्येकाची सोय वेगळी, म्हणून शब्दाला शब्द लावायला गेलात की फसगत.

सीनाकाठ: वॉटरशेड राहिलं की ओ! मुळात तो पाणी दोन बाजूंना वाटणारा उंचवटा, भूगोलाच्या पुस्तकातला जलविभाजक. जर्मन शब्दावरून इंग्रजीत आला. अमेरिकेत मात्र त्या उंचवट्याआत पाणी गोळा होणाऱ्या अख्ख्या प्रदेशालाच वॉटरशेड म्हणतात आणि आपलं 'पाणलोट' हे त्या अर्थाचं. ब्रिटिश पुस्तक वाचताना जपून.

जुना_मागवाला: पुस्तिका टॉवेलची आहे, पाणी कुठं आणता बे!

धागाकर्ती: आभार, काका. आता असं लिहितेय: मागावर 'ताण्याची फट', टॉवेलसाठी 'तंतू झडणे', रंगासाठी 'छटा', पत्र्याची तेवढी शेडच. लोडशेडिंगला 'भारनियमन' लिहू का?

शब्दवेडा: सरकारी कागदात तेच आहे. मागणी पुरवठ्याच्या वर गेली की ग्रिडची 50 हर्ट्झची वारंवारता घसरायला लागते. ती सावरायला काही भागांची वीज तोडून भार उतरवतात, यातला 'उतरवणे' म्हणजे शेड. नियमन हा त्यावर चढवलेला सभ्य कोट. कामगारांसाठी सरळ 'वीज गेल्यावर' लिहा, मग वीज कशानेही जावो, सूचना लागू पडते.

जुना_मागवाला: आणि त्याच्याखालीच लिहा: वीज गेली की आधी मागाचं बटण बंद. हात आत घालून धागा जोडत असताना वीज परत आली तर माग विचारत नाही.